जोधपूरला घर बांधतोय: काचेचं एलिव्हेशन नको म्हटलं तर वेड्यात काढतायत

मरुधरकर · १४ फेब्रुवारी, रात्री ९.५०

मंडळी नमस्कार,

इतकी वर्षं नुसता वाचत आलो, आज अडलंय म्हणून पहिला धागा काढतोय.

मी मूळचा सांगलीकडचा. सौरऊर्जेच्या कामामुळे दहाएक वर्षं फलोदी-जोधपूर पट्ट्यात आहे. फलोदी म्हणजे तेच गाव, जिथे १९ मे २०१६ ला ५१ अंश नोंदले गेले. त्या दिवशी मी साइटवर होतो. खाली ठेवलेला पाना उचलायला फडकं घ्यावं लागत होतं. असो. आता पोरं इथल्या शाळेत रुळलीत, बायकोलाही हे गाव आवडतं, म्हणून जोधपूरच्या कडेला ४० बाय ६० फुटांचा प्लॉट घेतला. रस्ता पश्चिमेला.

आर्किटेक्टने जे चित्र दिलं ते बघून घरचे हरखले. समोर दोन मजली उंचीची काच, १२ फूट रुंद, १८ फूट उंच. मी नुसतं विचारलं, "ही पश्चिम आहे ना?" तर म्हणाले, "सर, रिफ्लेक्टिव ग्लास देऊ, आणि हॉलमध्ये तीन टनांचा एसी बसवू." तेव्हापासून झोप उडालीय.

आम्ही सध्या भाड्याने राहतो ते घर जुनं आहे, सव्वा फुटी लाल दगडाच्या भिंती, वर दगडी पट्ट्यांचं छत. सगळे म्हणतात जुनी दगडी घरं थंड असतात. दुपारी दोनला असतात खरी. रात्री दहाला पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकवून बघा! मे महिन्यात आम्ही पलंग भिंतीपासून दोन हात लांब ओढतो. घरमालकीणबाई म्हणतात, "पहले तो सब छत पर सोते थे." बरोबरच आहे, पण आता गच्चीवर झोपणार कोण? डास, कबुतरं, आणि शेजारच्या एसीची गरम हवा.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथलं पाणी कालव्याचं. उन्हाळ्याच्या तोंडावर नहरबंदी होते, म्हणजे दुरुस्तीसाठी कालवा बंद. मग एक दिवसाआड पाणी, टँकरवाल्याचे फोन, कूलरला घालायचं की कपड्यांना यावर घरात खटके.

तर मला असं घर हवंय जे वीज आणि पाणी दोन्ही कमी खाईल. हवेली नको, आश्रम नको. पोरांना रात्री झोप लागली पाहिजे एवढंच. अनुभव असलेल्यांनी लिहा. बजेट मध्यमवर्गीय आहे हे लक्षात असू द्या.

---

सायली_ना · १४ फेब्रुवारी, रात्री १०.१५

वाचतेय. वाखुसा, म्हणजे वाचनखूण साठवली.

---

कोनमापक · १४ फेब्रुवारी, रात्री ११.०५

धागालेखक, तुम्ही वेडे नाही. मी पुण्यात आर्किटेक्ट आहे, पण दोन कामं कच्छमध्ये केलीत.

आधी त्या काचेचा हिशोब. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ चौरस फूट, साधारण २० चौरस मीटर. मे महिन्यात दुपारी चार-साडेचारला पश्चिमेच्या उभ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ६५० वॅटच्या आसपास ऊन पडतं. म्हणजे १३ किलोवॅट. साध्या काचेतून त्यातलं ८० टक्के आत आलं तर १० किलोवॅटच्या वर. एसीचा एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकणं. म्हणजे तुमचा तीन टनांचा एसी फक्त त्या काचेचं पाप फेडत बसणार. माणसं, भिंती, छप्पर यांचा हिशोब पुढे. भारी काच घेतली तर आकडा निम्म्याखाली येईल, पण मुळात ते भोक तिथे हवंच कशाला?

आता सूर्य. जोधपूर साधारण २६ अक्षांशावर. जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला फारसा त्रास नाही, दीड-दोन फुटांचा छज्जा दिला की खिडकी सावलीत. हिवाळ्यात तोच सूर्य खाली उतरतो आणि छज्ज्याखालून आत येतो, तेव्हा तो हवाच असतो. खरे वैरी तीन: गच्ची, पश्चिम, पूर्व. पूर्व-पश्चिमेला सूर्य तिरका येतो, तिथे आडवा छज्जा काही कामाचा नाही. तिथे उभे पडदे हवेत, जाळी हवी, झाड हवं, नाहीतर खिडकीच नको.

तुमचा रस्ता पश्चिमेला आहे म्हणजे दर्शनी बाजू तिकडेच येणार, हे दुखणं आहे. तिथे जिना, स्टोअर, संडास-बाथरूम, देवघर असं काहीबाही लावा. झोपायच्या खोल्या उत्तर-पूर्वेला ढकला. बिनखर्चाचं काम आहे हे, नकाशावर रबर फिरवायचं.

---

खाडीपल्याड · १५ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

अबू धाबीतून. सोळा वर्षं इमारतींच्या वातानुकूलनात आहे, म्हणजे काचेची पापं फेडणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. :)

इथे तर सगळं काचेचंच. पण गंमत बघा. २०१२ मध्ये इथे अल बहर नावाचे दोन टॉवर उभे राहिले. काचेवर बाहेरून छत्र्यांसारख्या घड्यांची एक कातडी बसवलीय, जुन्या अरबी घरांच्या लाकडी जाळीची, मश्रबियाची, आधुनिक आवृत्ती. ऊन त्या बाजूला आलं की घड्या उघडतात, गेलं की मिटतात. एकेका टॉवरवर हजाराहून जास्त घड्या, आणि उत्तरेला मात्र नाहीत, कारण तिथे गरजच नाही. देखणं काम आहे. पण माझ्यासारख्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो धुळीचा: हजार हलते सांधे आणि वर वाळवंटातली धूळ, देखभाल कोण करणार? तुम्ही दगडाची न हलणारी जाळी लावा, तुमच्या गावात तिचे कारागीर आहेत. इथे लोक ती मोटर लावून करतात.

इथल्याच मसदर सिटीबद्दलही ऐकलं असेल. २००६ मध्ये घोषणा झाली, शून्य कार्बन शहर म्हणून. त्या मोठ्या घोषणेची मुदत पुढे पुढे गेली आणि महत्त्वाकांक्षाही खाली आली. टीका करणाऱ्यांना तेवढंच दिसतं. पण उन्हाळ्यात त्या गल्ल्यांतून चालून बघा. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंच्या इमारतींची सावली एकमेकींवर, आणि दिशा अशी तिरकी की ऊन सरळ गल्लीत घुसत नाही. चौकात ४५ मीटरचा वातमनोरा, म्हणजे वरचा वारा पकडून खाली आणणारा मनोरा. बाहेरच्या डांबरी रस्त्यावरून आत आलात की पहिल्या वीस पावलांत फरक कळतो. यात नवीन काही नाही, जैसलमेरच्या किल्ल्यातल्या गल्ल्या हेच करतात.

एक सावधगिरी: इथलं आंधळेपणाने जोधपूरला नेऊ नका. आमचं वाळवंट समुद्राकाठचं. ऑगस्टमध्ये इथे हवा इतकी दमट की चष्म्यावर बाहेरून पाणी जमतं. कूलर इथे कुचकामी. तुमच्याकडे मे-जूनमध्ये हवा कोरडी ठक्क, तिथे कूलर राजा. उलट आमच्या दमटपणाचा एक फायदा आहे: एसीच्या कॉइलवर जमणारं पाणी. बुर्ज खलिफाचं तसलं पाणी वर्षाला दीड कोटी गॅलनच्या आसपास जमतं आणि बागेला जातं, असं सांगतात. तुमच्या एसीतून मे महिन्यात बादलीभर निघालं तरी नशीब.

---

रोखठोक · १५ फेब्रुवारी, सकाळी ११.३०

जुनं ते सोनं हा आपल्या लोकांचा आवडता रोग आहे. अहो, धागालेखक स्वतः सौरऊर्जेत काम करतो! गच्चीवर ५ किलोवॅटचं पॅनल टाका, नेट मीटरिंग घ्या, दोन चांगले इन्व्हर्टर एसी लावा आणि सुखाने झोपा. दुपारी वीज ग्रिडला द्या, रात्री घ्या. जाळ्या आणि झरोके काय करायचेत? आपले पूर्वज एसी नव्हता म्हणून हे करत होते, हौस म्हणून नाही.

---

मरुधरकर · १५ फेब्रुवारी, संध्या. ७.२०

@कोनमापक, धन्यवाद. जिना पश्चिमेला टाकायची कल्पना बायकोला सांगितली तर म्हणाली, "एवढी साधी गोष्ट त्या माणसाने पैसे घेऊन का नाही सांगितली?"

@रोखठोक, तुमचा मुद्दा मी मोडीत काढत नाही, माझंच मीठ आहे ते. पॅनल टाकणारच. पण दगडी घरात रात्री एसी लावला की काय होतं ते मी रोज भोगतोय. एसी आधी दिवसभर तापलेल्या भिंती गार करतो, मग उरलं तर आम्हाला. १८ वर लावला तरी रात्री बारापर्यंत खोली २९ च्या खाली येत नाही. भिंतीत उष्णता शिरू द्यायची आणि मग मशीनने उपसायची हा उलटा कारभार झाला. ती भिंतीत शिरण्याआधीच अडवली तर तुमचाच एसी दोनऐवजी एक पुरेल.

---

आकडेमोड्या · १५ फेब्रुवारी, रात्री ९.००

पाणी की वीज या भांडणात एक हिशोब टाकतो. मला स्वतःलाही तो करेपर्यंत वाटत होतं की कूलर पाणी खातो आणि एसी खात नाही.

एक लिटर पाणी हवेत उडालं की साधारण ०.६७ युनिट (म्हणजे किलोवॅट-तास) इतकी उष्णता सोबत घेऊन जातं. दीड टनी एसी पूर्ण ताकदीवर तासाला ५.३ युनिट उष्णता फेकतो. तेवढंच काम कूलरने करायचं तर तासाला ८ लिटर पाणी उडवायला लागेल. बरं, एसीला त्या तासात वीज किती लागते? चांगला असेल तर दीड युनिट. ती वीज आली कोळशाच्या केंद्रातून. पर्यावरण मंत्रालयाच्या २०१५ च्या नियमानुसार जुन्या औष्णिक केंद्रांना कमाल मर्यादा मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटर, म्हणजे युनिटमागे साडेतीन लिटर पाणी. दीड युनिटला सव्वापाच लिटर. म्हणजे तुमचा एसीसुद्धा तासाला पाच लिटर पाणी पितोय, फक्त ते पाणी तुमच्या मोटरीने चढत नाही, दुसऱ्या कुणाच्या नदीतून येतं.

खाडीपल्याड यांच्याकडे हाच हिशोब उलट्या अंगाने चालतो. तिथे समुद्राचं पाणी आरओने गोडं करायला घनमीटरमागे ३ ते ४ युनिट. नळाचा प्रत्येक थेंब आधी विजेच्या मीटरमधून येतो.

आता रोखठोक यांच्या बाजूने: पॅनलच्या विजेला हे पाणी लागत नाही, पॅनल धुवायचं तेवढंच. म्हणजे दुपारच्या एसीचं पाप बरंच हलकं. रात्रीचं तसंच राहतं.

---

खाडीपल्याड · १५ फेब्रुवारी, रात्री ९.२५

+१. इथे हिरवळ बघितली की मला वीज वाहताना दिसते. आता तरी बऱ्याच ठिकाणी सांडपाणी शुद्ध करून बागांना देतात, आणि गाफचं झाड लावतात, म्हणजे तुमची खेजडीच.

---

माई_फिनिक्सवाली · १६ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

आमच्याकडे रात्र आहे, झोप येत नाही, म्हणून लिहिते.

मी अमेरिकेत फिनिक्सला बावीस वर्षं आहे. इथल्या जुन्या घरांवर अजून कूलरचे डबे दिसतात, त्याला इथे स्वॅम्प कूलर म्हणतात. मे-जूनमध्ये झकास. जुलैत इथलाही पावसाळा सुरू होतो, हवा दमट झाली की तोच कूलर घरात ओल्या फडक्याचा वास सोडतो. मरुधरकर, तुमच्याकडेही जुलै-ऑगस्टला हेच होत असणार. तेव्हा एकच यंत्र पुरेल असं समजू नका. मे-जून कूलर, पावसाळ्यात एसी, अशी वाटणी करा.

आणि रात्री खिडक्या उघडून घर गार करू हे सगळे सांगतात. २०२३ मध्ये जूनच्या अखेरीपासून जुलैच्या अखेरीपर्यंत आमच्याकडे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३ अंशांना, टेकला किंवा वर गेला. त्यात १६ रात्री अशा की पारा ३२ च्या खाली उतरलाच नाही. खिडकी उघडून आत काय घ्यायचं, भट्टीची वाफ? शहराचा डांबर-सिमेंट रात्रभर उष्णता ओकत राहतो. तुमचा प्लॉट गावाच्या कडेला आहे हे तुमचं भाग्य. पुढे वस्ती वाढली की बघा.

पाण्याचं एक सांगते. इथून दीडेक तासावर टुसान आहे. तिथे २००८ मध्ये कायदा केला की नव्या व्यापारी इमारतींनी बागेचं निम्मं पाणी पावसाचं वापरायचं. पाऊस तिथे तीनशे मिलिमीटरसुद्धा पडत नाही. रस्त्याकडेला कर्ब कापून पावसाचं पाणी झाडाच्या आळ्यात घेतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आजोळची परसबाग आठवली, मोरीचं पाणी केळीला आणि अळूला. आमच्या आजीला कुणी बक्षीस दिलं नाही त्याबद्दल.

---

वैदर्भी · १६ फेब्रुवारी, दुपारी १.००

अवांतर: नागपूरच्या आमच्या जुन्या घरात दारांना वाळ्याचे तट्टे होते. पाणी मारायचं काम पोरांकडे. कूलरच्या गवतात तो वास नाही. माईंच्या मोरी-अळूला +१००.

---

भटकभवानी · १६ फेब्रुवारी, दुपारी ३.४५

इराणमध्ये यझ्दला गेले होते त्याची आठवण. गावभर बादगीर, म्हणजे वारा पकडणारे मनोरे. दौलताबाद बागेतला सगळ्यात उंच, तेहतीस मीटरच्या वर. त्याच्याखाली उभं राहिलं की डोक्यावर गार हात ठेवल्यासारखं वाटतं. खाली पाण्याचा हौद, वरून आलेला वारा त्याच्यावरून जातो. दुबईच्या अल फहिदी भागातले वातमनोरेसुद्धा इराणातून आलेल्या व्यापाऱ्यांनीच नेलेले. पाणी यायचं कनातीतून, जमिनीखालच्या बोगद्यातून, म्हणजे वाटेत वाफ होऊन उडत नाही.

मरुधरकर, असा एक छोटा मनोरा आणि खाली तळघर का नाही करत?

---

कोनमापक · १६ फेब्रुवारी, संध्या. ५.१०

मातीच्या घरांचं कौतुक करताना त्याच इराणातलं बाम विसरू नका. २६ डिसेंबर २००३ चा भूकंप, कच्च्या विटांची घरं जागेवर बसली, पंचवीस हजारांहून जास्त माणसं गेली. जाड भिंत आणि जड छप्पर थंड असतं, पण त्याला बांधून ठेवणारे आडवे पट्टे नसतील तर ते माणसावर येतं. लोड बेअरिंग, म्हणजे सगळा भार भिंतींवर, असं बांधणार असाल तर जोत्याला, खिडक्यांच्या वर आणि छताखाली आरसीसी बँड घाला. यात काटकसर नको.

---

मरुधरकर · १६ फेब्रुवारी, रात्री ८.३०

@भटकभवानी, तळघराचं स्वप्न मीही बघितलं होतं. पण जोधपूरच्या जुन्या गावात वेगळीच तऱ्हा आहे. कालव्याचं पाणी यायला लागलं, लोकांनी विहिरी-बावड्या वापरणं सोडलं, आणि जमिनीखालचं पाणी वर आलं. कित्येक तळघरांत पंप लावून पाणी उपसतात. वाळवंटातल्या गावात तळघरातून पाणी उपसणं! तेव्हा तळघर नाही, टांका करतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टांका म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, मारवाडात पिढ्यान्‌पिढ्या. शेतात असेल तर भोवती उतार देऊन चोपलेली जागा ठेवतात, तिला आगोर म्हणतात. आमच्यात गच्ची हाच आगोर. गच्ची ११० चौरस मीटर. पाऊस वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास. वीस टक्के वाया गेला धरला तर ३०,००० लिटर. चौघांना प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी १० लिटर धरले तर वर्षाचे १४,६०० लिटर. म्हणजे नहरबंदी आली काय नि गेली काय, पिण्याचं पाणी आपलं. हिशोब मांडल्यावर बायको म्हणाली, "मग इतकी वर्षं आपण बिसलेरीचे जार का आणतोय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

---

सायली_ना · १६ फेब्रुवारी, रात्री ९.०५

जैसलमेरजवळ कनोईला मुलींची शाळा आहे ना, लंबगोल, पिवळ्या दगडाची? राजकुमारी रत्नावती गर्ल्स स्कूल. फोटो खूप फिरले होते. तिथे एसी नाही म्हणतात.

---

मरुधरकर · १६ फेब्रुवारी, रात्री ९.४०

हो, २०२१ ची. डायना केलॉग या न्यूयॉर्कच्या आर्किटेक्टचं काम, दगड आणि हात मात्र जैसलमेरचे. मी गेलोय. लंबगोल अंगण, बाहेरून जाळीची भिंत, आतून चुन्याचा गिलावा, खिडक्या उंचावर. गरम हवा वरून निघून जाते. गच्चीवर पॅनलचा मांडव, त्याच्या सांगाड्यालाच मुलींसाठी झोके आणि सी-सॉ. पावसाचं पाणी साठवायची सोय.

पण एक लक्षात घ्या, शाळा दुपारी सुटते. दिवसभर बाहेरची उष्णता अडवून धरणारी जड भिंत शाळेला अगदी योग्य. रात्री ती भिंत उष्णता सोडायला लागते तेव्हा वर्गात कुणी नसतं. आमच्या घरात नेमकी तेव्हाच माणसं झोपलेली असतात. म्हणून घराला शाळेची नक्कल करून भागत नाही.

मांडवाची कल्पना मात्र उचलली. @रोखठोक, हे तुमचं श्रेय: पॅनल गच्चीला टेकवून न लावता साडेसात फूट उंच मांडवावर. वीजही मिळेल, गच्चीवर सावलीही.

---

रोखठोक · १६ फेब्रुवारी, रात्री १०.००

वा. म्हणजे मी नकळत पूर्वज झालो.

---

कोनमापक · १७ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

रात्रीच्या भिंतीचा मुद्दा एकदम मर्मावर बोट. उपाय: वजन आत, रजई बाहेर. पूर्व-पश्चिम भिंती दुहेरी करा. बाहेर दगड, मध्ये ५० मिलिमीटर इन्सुलेशनचा बोर्ड, आत विटेची भिंत. बाहेरचा दगड तापू दे, आतल्या विटेपर्यंत पोचत नाही. उत्तर-दक्षिणेला साधी भिंत चालेल. गच्चीवर स्लॅबच्या वरून ७५ मिलिमीटर बोर्ड, त्यावर कोबा, त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक. स्लॅबच्या खालून थर्माकोल चिकटवायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, मग स्लॅब तापतोच. सरकारी इको निवास संहितेत छपराचा यू-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता किती आरपार जाते त्याचं माप, १.२ च्या वर नको म्हटलंय. असं केलंत तर ०.४ च्या आत राहाल.

---

(हा धागा इथे पंधरा महिने गप्प होता.)

---

मरुधरकर · २२ मे, रात्री ९.१५

मंडळी, धागा वर काढतोय. मागच्या दिवाळीत राहायला आलो. पहिला खरा उन्हाळा चाललाय, म्हणून आत्ता लिहिण्यात अर्थ आहे.

आधी वाईट बातम्या. टांक्याला पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह नकाशात होता, ठेकेदाराने लावलाच नाही, आणि मीही विचारलं नाही. घर अजून बांधून व्हायचं होतं तेव्हाच जुलैत पहिली सर आली आणि गच्चीवरची धूळ, कबुतरांची शीट सगळं थेट टांक्यात. झाकण उघडलं तर वास असा की बायको मागे सरली. सहा हजार लिटर उपसून कडुनिंबांना घातले. आता पाइपाला वाय आहे आणि खाली हातभर लांबीचा बंद तुकडा, पहिलं घाण पाणी त्यात अडकतं. चारशे रुपयांचं काम.

दुसरी: पश्चिमेची जाळी दिसायला सुरेख. एप्रिलमधल्या पहिल्या आंधीत तिने जिन्यात बोटभर वाळू आणून ओतली. आमचा चेजारा, म्हणजे गवंडी, म्हणाला, "साहब, जाली हवा को रोकती नहीं, रेत हवा है." आता आतून बारीक तारेची जाळी लावलीय, काढून धुता येते.

तिसरी: कूलरच्या गवतावर पांढरा थर. इथलं पाणी जड. रोज टाकीतलं थोडं पाणी बाहेर सोडावं लागतं, नाहीतर गवत महिन्यात दगड होतं. सोडलेलं पाणी खेजडीच्या रोपाला. आरओचं वाया जाणारं पाणी कूलरला घालायचा मोह झाला होता. त्यात क्षार आणखी घट्ट असतात, म्हणून ते फरशीला आणि गाडीला.

आता चांगलं. आज दुपारी चारला बाहेर ४४, हॉलमध्ये काही न लावता ३४. पंखा आणि कूलर लावल्यावर २७-२८. जिन्याची बाहेरची भिंत हात लावू देत नाही, आणि मधल्या भिंतीची आतली बाजू गार. रात्री दहाला मी अजूनही सवयीने त्या भिंतीला पाठ लावून बघतो. बायको हसते. पलंग भिंतीला चिकटूनच आहे.

एसी एकच, दीड टनी, पोरांच्या खोलीत. आत्तापर्यंत या मोसमात नऊ रात्री लावला. माईंचं ऐकून तो जुलैसाठी राखलाय.

---

माई_फिनिक्सवाली · २३ मे, सकाळी ७.५०

शाब्बास रे! आणि काच?

---

मरुधरकर · २३ मे, संध्या. ७.४०

माई, काच आहे. उत्तरेला, चार बाय पाच, समोर कडुनिंब. पश्चिमेला दर्शनी जाळी बघून लोक विचारतात, "मंदिर है क्या?"

---

रोखठोक · २३ मे, रात्री १०.१०

सगळं ठीक, पण जास्तीचा खर्च किती झाला ते सांगा. इथे सगळे तेच शिताफीने टाळतात.

---

मरुधरकर · २३ मे, रात्री १०.५५

टाळत नाही. दुहेरी भिंती, गच्चीचं इन्सुलेशन आणि टांका मिळून बांधकामाच्या खर्चात सहा-सात टक्के वाढ. त्यातून काचेचं एलिव्हेशन आणि दोन एसी वजा करा. उंच मांडवाचं लोखंड मात्र महाग पडलं, तिथे मी फसलो, साध्या स्टँडवर निम्म्यात झालं असतं. पण त्याखाली आता कपडे वाळतात, पापड होतात, आणि परवा घरमालकीणबाई, म्हणजे जुन्या घराच्या, येऊन म्हणाल्या की इथे पलंग टाका, आम्ही झोपायला येतो.

तपशीलवार आकडे रविवारी टाकतो. आत्ता बाहेर ३१ झालंय, आत ३३. खिडक्या उघडायला उठतो.